पहिला नांगर

लोखंडाच्या कुळांत बिडाला मोठा मान नाहीं. पोलादाच्या तलवारी झाल्या, त्यांना नांवें मिळालीं, दसऱ्याला त्यांची पूजा झाली. घडीव लोखंडाचे कडीकोयंडे, खिळे, घोड्यांचे नाल झाले आणि त्यांवर गांवोगांवच्या लोहारांचे संसार चालले. बीड मात्र चुलीपाशींच राहिलें. घावन घालावेत ते बिडाच्या तव्यावर, एवढाच त्याचा लौकिक. आणि तोही घरांतल्या बायकांपुरता. तवा हातांतून निसटून फरशीवर पडला कीं त्याचे दोन तुकडे होतात. तो वांकत नाहीं, ठोकून सरळ करतां येत नाहीं, सांधणेंही सोपें नाहीं. जो धातु निमूटपणें ठोके खातो आणि सांगेल तो आकार घेतो तो गुणी, असा आपला जुना समज. बिडाला ठोके सोसत नाहींत, म्हणून तें कमअस्सल ठरलें.

खरें पाहतां हा भेद फार थोड्या द्रव्याचा आहे. लोखंडांत शेंकडा दोन ते चार भाग कार्बन मिसळला कीं त्याचें बीड होतें. शुद्ध लोखंड वितळण्यास १,५३८ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. बीड बाराशें अंशांच्या आंतबाहेरच पाण्यासारखें वाहूं लागतें. आमच्या लोहाराचा भाता लोखंड लाल करी, पण त्याचा रस करणें त्याच्या आटोक्याबाहेरचें होतें. त्याला प्रत्येक वस्तु ऐरणीवर एकेक घडवावी लागे. बिडाचें तसें नाहीं. एकदां सांचा साधला कीं पहिली वस्तु आणि शंभरावी वस्तु यांत फरक राहत नाहीं. ठोके न सोसणारें हें लोखंड वाहूं मात्र शकतें, आणि त्याच्या या एका गुणावर यंत्रयुगाचा मोठा भाग उभा आहे.

मी कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय शिकवितों. इंग्लंडांतील औद्योगिक क्रांतीचा विषय निघाला कीं विद्यार्थी वाफेच्या यंत्रापासून प्रारंभ करतात. त्या क्रांतीच्या उंबरठ्यावर स्वयंपाकाचें एक पातेलें आहे, हें त्यांच्या टिपणांत सांपडत नाहीं. अब्राहम डार्बी यानें १७०७ सालीं वाळूच्या सांच्यांत बिडाचीं भांडीं ओतण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें आणि १७०९ मध्यें कोलब्रुकडेल येथें लांकडी कोळशाऐवजीं कोक वापरून बीड काढलें. पुढें १७७९ मध्यें त्याच परिसरांत सेव्हर्न नदीवर बिडाचा पूल उभा राहिला. परंतु पहिल्या पेटंटाचा विषय होता सामान्य बायाबापड्यांना परवडेल असें भांडें.

स्वयंपाकघरांतून निघालेलें हें लोखंड शेतांत शिरूं लागलें तेव्हां मात्र त्याची खरी परीक्षा झाली. अमेरिकेंत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्ड यानें १७९७ सालीं बिडाच्या नांगराचें पेटंट घेतलें. लोखंडानें जमिनीला विष चढतें आणि तण माजतें, असें म्हणून शेतकऱ्यांनीं त्याकडे पाठ फिरविली. शिवाय तो नांगर एकसंध ओतलेला होता. एक कोपरा तुटला कीं सगळा नांगर भंगारांत जाई. न्यूयॉर्क राज्यांतील जेथ्रो वुड यानें १८१९ सालीं सुट्या भागांचा नांगर केला. जो भाग मोडेल तेवढाच बदलावा, बाकीचा नांगर चालूं द्यावा. बिडाचा ठिसूळपणा त्यानें नाहींसा केला नाहीं. तो गृहीत धरून त्यावर उपाय केला. त्यानंतर आला जेम्स ऑलिव्हर. हा जन्मानें स्कॉटिश. इंडियाना राज्यांतील साउथ बेंड या गांवीं एका लहानशा ओतशाळेंत त्यानें १८५५ सालीं भागीदारी घेतली आणि १८५७ सालीं पेटंट मिळविलें. सांच्यांत धातूचा थंड भाग बसवून रसाचा पृष्ठभाग झपाट्यानें गोठवावयाचा, म्हणजे वरचा थर कांचेसारखा कठीण होतो आणि गाभा त्या मानानें मऊ राहतो. ही युक्ति इंग्लंडांत रॅन्सम यानें १८०३ मध्यें फाळासाठीं वापरली होती; ऑलिव्हरनें ती पक्की केली आणि तिच्यावर एक प्रचंड कारखाना उभारला. तो १९०८ सालीं वारला.

ऑलिव्हरच्या आयुष्याचीं हीं शेवटचीं वर्षें चाललीं असतां इकडे बेळगांवांत एक मराठी गृहस्थ त्याच विषाच्या समजुतीशीं झगडत होते. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. त्यांना चित्रकार व्हावयाचें होतें. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत ते शिकले. परंतु कांहीं रंग आपल्या डोळ्यांस नीट ओळखूं येत नाहींत असें आढळल्यावर त्यांनीं रंगांचा नाद सोडून यंत्रांच्या आराखड्यांची चित्रकला धरली, आणि पुढें व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें तीच ते शिकवूं लागले. म्हणजे हा कारखानदार मूळचा आमच्याच व्यवसायांतला, मास्तर! हक्काची बढती दुसऱ्यास मिळाली तेव्हां ते ती नोकरी सोडून बेळगांवास गेले. तेथें बंधु रामूअण्णा यांच्या सोबतीनें १८८८ सालीं सुरू झालेलें सायकलींचें दुकान होतें. दुकानाच्या जोडीला यंत्रें आलीं. कडबा कापण्याचें यंत्र झालें. आणि मग लोखंडी नांगर.

नांगर तयार झाला, पण घेणारा मिळेना. लोखंडाचा फाळ जमिनींत गेला तर जमीन नासेल, असें शेतकरी म्हणत. पहिला नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं, अशी हकीकत सांगतात. न्यू जर्सीचा गोरा शेतकरी आणि बेळगांवचा काळ्या रानांतला कुणबी यांची एकमेकांशीं गांठ पडण्याचा संभव नव्हता. मध्यें शंभर वर्षें आणि दोन महासागर होते. तरीही दोघांच्या तोंडीं शब्द एकच, ‘विष’!

सुशिक्षित वाचक येथें थोडा हंसतो, आणि ‘अडाणीपणा’ हा शब्द त्याच्या ओठांवर येतो. मला तो शब्द वापरवत नाहीं. लाकडी नांगर बाभळीचा असे; गांवचा सुतार तो बलुत्यांत करून देई, आणि मोडला तर त्याच दिवशीं पुन्हां जोडून देई. लोखंडी नांगर रोख पैशानें घ्यावयाचा, आणि मोडला तर त्याचा सुटा भाग शहरांतून येण्याची वाट पाहावयाची. नांगरटीचे दिवस मोजके. त्यांत खोळंबा झाला तर पेरणी मागें पडते, आणि पेरणी मागें पडली तर वर्ष जातें. नवा नांगर जमिनीची ढेप खोलवर उलटवील, हरळीच्या आणि कुंद्याच्या मुळ्या उन्हांत उघड्या पाडील, पीक वाढेल, हें सारें खरें. परंतु तें कळणार वर्षानंतर, आणि तोंवरचा धोका पत्करणार कोण? करणाऱ्याचा नव्हे, घेणाऱ्याचा संसार पणाला लागावयाचा होता. ‘विष’ हें त्यानें आपल्या हिशेबी भीतीला दिलेलें नांव होतें. ज्याच्याजवळ दुसरें वर्ष हातचें शिल्लक नाहीं, त्याच्या संशयाला अडाणीपणा म्हणणें सोपें आहे. त्याच्या जागीं उभें राहून तो नांगर विकत घेणें कठीण आहे.

पुढें बेळगांवची जागा सोडण्याची पाळी आली. त्या अडचणींत औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि पाठीशीं उभे राहिले. औंधास यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचें काम लक्ष्मणरावांनीं केलें होतें. त्यावरून राजांनीं हा माणूस जोखला होता. राजे स्वतः चित्रकार, आणि पाहुणा चित्रकलेंतून यंत्रांकडे वळलेला. औंध संस्थानांत कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपये कर्जाऊ मिळाले. माळ कसला, निवडुंगाचें आणि सापांचें रान! १० मार्च १९१० रोजीं तेथें वस्ती झाली, आणि पुढें स्टेशनाचें नांवही किर्लोस्करवाडी झालें. चार वर्षांत महायुद्ध सुरू झालें आणि परदेशांतून येणाऱ्या कच्च्या बिडाची टंचाई पडली. त्या काळांत कोल्हापूरच्या शाहूमहाराजांनीं गडावरच्या निकामी तोफा वितळविण्यासाठीं दिल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. कोणे एके काळीं शत्रूवर आग ओकण्यासाठीं ओतलेलें लोखंड दुसऱ्यांदां वितळलें तें जमीन नांगरण्यासाठीं!

ही हकीकत मला विशेष जवळची वाटते, कारण मी राहतों त्या भाईंदरास तोफांचा शेजार जुना आहे. आमच्या गांवाच्या उत्तरेस खाडी. खाडीपलीकडे १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं घेतलेला वसईचा किल्ला, आणि अलीकडे त्याच मोहिमेंत लढला गेलेला धारावीचा डोंगर. आतां त्या खाडीवरून दर कांहीं मिनिटांनीं लोकल गाडी धडधडत जाते आणि मिठागरांकडे पाहावयास कोणाला सवड नसते. मीरा आणि भाईंदर मिळून २००२ सालीं महानगरपालिका झाली. परंतु गांवाची खरी ओळख पूर्वेकडच्या गाळ्यांतून पटते. तेथें स्टीलचीं भांडीं घडवितात. पत्रा कापण्याचा आणि दाबण्याचा खणखणाट दिवसभर चालूं असतो, आणि पॉलिशवर काम करणाऱ्या माणसांचे चेहरे संध्याकाळीं काळेठिक्कर झालेले असतात. सबंध महाराष्ट्राच्या मांडण्या चकचकीत करणाऱ्या धंद्याचा हा मुलुख.

अशाच एका गाळ्याचे मालक गेल्या वर्षीं माझ्याकडे आले. मूळचे साताऱ्याकडचे, तीस वर्षांपूर्वीं पॉलिशवर मजूर म्हणून भाईंदरास आले आणि काटकसरीनें स्वतःच्या गाळ्यापर्यंत पोंचले. त्यांचा मुलगा माझ्या वर्गांत, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला. पदवी घेऊन त्यानें बँकेच्या परीक्षा द्याव्या अशी बापाची इच्छा. आणि मुलाच्या मनानें घेतलेलें कीं आपण बिडाचे तवे करावयाचे.

“सर, तुम्ही त्याला दोन शब्द सांगा. तुमचं ऐकेल तो,” ते म्हणाले. “माझ्या आईनं बिडाचा तवा टाकून स्टील घेतलं, तिच्यासारख्या लाखो बायकांनी घेतलं, तेव्हां कुठं आमच्या धंद्याला बरकत आली. आणि हा पोरगा आतां उलटा चाललाय!”

मुलाचें म्हणणें अगदींच हवेंतलें नव्हतें. टाकून दिलेला बिडाचा तवा हल्लीं मोठ्या दुकानांतून दामदुपटीनें विकला जातो. तेल चोपडून, तापवून, पुन्हां तेल चोपडून त्यावर काळी चकाकी आणावी, मग धिरडें कसें अलगद सुटतें, हें आजीला न विचारतां नातसुना आतां फोनच्या पडद्यावर शिकतात. परंतु बापाचें म्हणणेंही खोटें नव्हतें. आज जें घरोघर हवें आहे, तें पांच वर्षांनीं अडगळींत जाणार नाहीं याची हमी कोणीं द्यावी?

मी उपदेश करण्याचें टाळलें आणि त्यांना लक्ष्मणरावांच्या पहिल्या नांगराची गोष्ट सांगितली. गोष्ट स्फूर्तिदायक आहे, आणि ती सांगतांना माझा आवाज थोडा वर्गांतल्यासारखा चढलाही असेल. त्यांनीं ती शांतपणें ऐकून घेतली. मग काळवंडलेलीं बोटें एकमेकांत गुंतवीत त्यांनीं विचारलें, “दोन वर्षं एक नांगर खपला नाही म्हणतां. मग तीं दोन वर्षं त्यांच्या घरांत चूल कशावर पेटली, सर?”

तीस वर्षांच्या अध्यापनांत इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कोणीं विचारला असेल. थोर पुरुषांच्या चरित्रांत अशीं दोन वर्षें एका वाक्यांत उरकलेलीं असतात. ‘अनेक संकटांना तोंड देत’ असे चार शब्द लिहिले कीं चरित्रकार पुढच्या यशाकडे वळतो. पण चूल तर रोज पेटावी लागते. मी आठवूं लागलों, आणि उत्तर मिळत गेलें. सायकलींचें दुकान होतें. कडब्याचें यंत्र होतें. दुकानाचा भार वाहणारा भाऊ होता. मुक्काम मोडला तेव्हां माळ आणि पैसा देणारा राजा निघाला. आणि कोणी एक शेतकरी असा निघाला, कीं ज्यानें शेजाऱ्यांचें न ऐकतां पहिला नांगर आपल्या रानांत नेला. त्याच्या शेतांत पीक उभें राहिलें नसतें, तर पुढचा सगळा इतिहासही उभा राहिला नसता.

ओतशाळेंत गेलें कीं पाहणाराचें लक्ष भट्टीकडे जातें. तांबडा-पिंवळा रस, उडणाऱ्या ठिणग्या, पळ्यांतून रस ओतणाऱ्या ओताऱ्याची कसरत, सारें डोळ्यांत भरणारें असतें. सांच्याकडे कोणी पाहत नाहीं. लांकडी नमुना दाबून तयार केलेली ओली वाळू, एवढेंच त्याचें रूप. परंतु रस आंत गेल्यावर तो थिजेपर्यंत ती वाळूच त्याला धरून ठेवते. वाफ बाहेर पडण्यास वाट ठेवली नसेल तर आंत पोकळ्या राहतात. घाईनें सांचा फोडला तर वस्तूला तडा जातो. आणि काम झालें कीं सांचा मोडतात, वाळू चाळून पुन्हां ढिगावर टाकतात. तयार नांगरावर कारखान्याचें नांव उमटतें. वाळूचें नांव कुठेंच उमटत नाहीं.

कर्तृत्वाचा इतिहास आपण भट्टीच्या बाजूनें लिहितों. लक्ष्मणरावांची चिकाटी मोठी होती, यांत शंका नाहीं. परंतु तापलेला रस पुष्कळांजवळ असतो. त्याला थंड होईपर्यंत धरून ठेवणारी वाळू थोड्यांनाच लाभते. आमच्या मध्यमवर्गांत ती मुळींच नाहीं, असें मी म्हणणार नाहीं. मुलानें स्पर्धापरीक्षेसाठीं तीन वर्षें घरांत बसून अभ्यास केला, तर आपण त्याला दूध नेऊन देतों, पाहुण्यांना हळू बोलावयास सांगतों आणि चौथ्या वर्षाचीही तयारी ठेवतों. तोच मुलगा हातानें कांहीं करतों म्हणाला, तर सहाव्या महिन्यांत हिशेब मागतों. धीर आपणाजवळ आहे. तो आपण एकाच रांगेंत उभ्या राहणाऱ्यांसाठीं राखून ठेवला आहे.

किर्लोस्करवाडीस स्वतःलाही हें कळलें होतें, असें वाटतें. वस्तु करून भागत नाहीं, ती घेणारें मनही तयार करावें लागतें. १९२० सालीं तेथून शंकरराव किर्लोस्करांनीं ‘किर्लोस्कर खबर’ नांवाचें पत्रक काढलें. प्रारंभीं तें कारखान्याच्या ग्राहकांसाठीं होतें. पुढें त्याचें ‘किर्लोस्कर’ मासिक झालें, आणि १९३० मध्यें ‘स्त्री’ व १९३४ मध्यें ‘मनोहर’ हीं भावंडें त्याला मिळालीं. दोन पिढ्यांच्या मराठी घरांत कथा, निबंध आणि सुधारणेचे विचार ज्या पानांतून आले, तीं पानें नांगर ओतणाऱ्या माळावर छापलीं जात होतीं, ही गोष्ट आम्हां वाङ्मयाच्या लोकांनीं तरी विसरूं नये.

आणि असा विश्वास एकदां ओतला म्हणजे कायमचा टिकतो, असेंही नाहीं. तोही बिडासारखाच ठिसूळ असतो. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ सालीं उसळलेल्या जाळपोळींत किर्लोस्करवाडीचा कारखाना जळाला. ज्या मुलुखाला नांगर दिले त्याच मुलुखांत हें घडलें. लक्ष्मणराव तेव्हां अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हां उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजीं लक्ष्मणराव वारले. मोडलेलें बीड ठोकून जोडतां येत नाहीं, हें खरें. पण तें पुन्हां वितळवितां येतें आणि पुन्हां ओततां येतें, हेंही तितकेंच खरें. फक्त सांचा नवा करावा लागतो.

त्या गृहस्थांना यांतलें मीं थोडेंच सांगितलें. चुलीबद्दलच्या त्यांच्या प्रश्नाचें उत्तर मात्र सांगितलें: दुकान चालूं होतें, म्हणून नांगर थांबूं शकला. ते कांहीं वेळ गप्प बसले. “म्हणजे सायकलचं दुकान मी व्हायचं,” एवढेंच म्हणाले आणि उठले.

मुलानें पदवी घेतली. बापानें गाळ्याचा एक कोपरा रिकामा करून दिला आणि दोन वर्षांची मुदत दिली. गाळ्यांत भट्टी लावतां येत नाहीं. तवे कोल्हापुरास ओतवून आणावयाचे आणि येथें घांसून, तेल मुरवून विकावयाचे, असा बेत आहे. बीड ओतण्याची विद्या आज कोल्हापुरांत आणि बेळगांवांत गल्लोगल्लीं नांदते, ती अर्थातच एकट्या किर्लोस्करांमुळें नव्हे. पण त्या मुलुखांत त्या पहिल्या नांगराचें चाललेलें तास अजून बुजलेलें नाहीं. पहिल्या खेपेंतले पुष्कळ तवे वाटेंत तडकले. दुसरी खेप बरी आली. मुदतींतले सात महिने संपले आहेत, सतरा उरले आहेत, आणि शेजारच्या यंत्रांवर स्टीलच्या ताटांचा खणखणाट पूर्वीसारखाच चालूं आहे.